अकरा छर्ऱ्यांचं बटण

कय्यूम मिस्त्रींचा राग सगळ्या तालुक्याला ठाऊक होता. टाइपरायटर दुरुस्त करणारा माणूस म्हणजे खाली मान, मऊ बोलणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी संग्रामपूरच्या रस्त्यावरच्या त्यांच्या दुकानात घटकाभर बसून पाहायला हवं होतं. 'किती वेळ लागेल' हे कुणी दुसऱ्यांदा विचारलं की हातातली पक्कड समोरच्या भिंतीवर जायची. त्या एका जागी गिलावा पार विटेपर्यंत उडाला होता. त्यांच्या बायकोने, अजीजुन्निसाचाचींनी, तिथे कॅलेंडर लावून पाहिलं. मार्च उजाडायच्या आत कॅलेंडरची चाळण झाली.

मूळचे ते वडनेर भोलजीचे. पस्तीस वर्षं टाइपरायटर, आणि टाइपरायटर संपल्यावर कचेऱ्यांमधले कीबोर्ड, हाच त्यांचा धंदा. मधले तीन महिने जेल. त्याचं असं झालं की एका टायपिंग क्लासमध्ये ते कोपऱ्यात बसून मशीन खोलत होते. तिथला मास्तर मुलींच्या बोटांवर स्टीलची पट्टी मारायचा. करंगळीचं अक्षर फिकट उठलं की पट्टी. एका पोरीच्या नखातून रक्त आलं तरी याचं चालूच. कय्यूमचाचा उठले, मास्तरचा हात धरून उघड्या मशीनमध्ये घातला आणि वरून दुसरं मशीन ठेवलं. ठेवलं म्हणजे आपटलं. जेलमधून सुटल्यावर पश्चात्ताप झाला का, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं.

"झाला नं," ते म्हणाले. "दोनच बोटं मोडली."

अशा माणसाकडे मी माझा मोडलेला हात घेऊन गेले.

हात मोडला हरिओमने. हरिओम म्हणजे आमच्या भागातला रेतीवाला. नदीतून चोरून रेती काढायची, सात-आठ ट्रॅक्टर पळवायचे आणि आडवं कुणी आलंच तर ब्रेक लावायचा नाही. माझे वडील भागवत तलाठी त्याच्याच ट्रॅक्टरखाली गेले. कागदावर तो अपघात आहे. त्यांच्या मागे अनुकंपेवर मला तहसील कचेरीत लिपिकाची नोकरी मिळाली. अट एकच होती: दोन वर्षांच्या आत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, मिनिटाला तीस शब्द. नाही झालं तर नोकरी गेली. आई अन्नपूर्णाबाई, मी आणि वडिलांचा फोटो, असं आमचं घर त्या नोकरीवर उभं होतं, आणि मी बाई सव्वा वर्ष 'करू की पुढच्या वेळी' म्हणत काढलं. माझ्या आळसाचा मला आजही संताप येतो.

मग फेब्रुवारीत रेतीचोरी पकडणाऱ्या पथकाबरोबर पूर्णेच्या पात्रात गेले. सकाळचे दहा वाजले होते. पथक दिसताच हरिओमच्या माणसांनी ट्रॉलीतली रेती ओतून दिली होती, मागचा फाळका, म्हणजे ट्रॉलीचं लोखंडी दार, वर उघडा होता. पंचनामा माझ्याकडे. ट्रॉलीवर नंबर नव्हता, म्हणून आत कुठे कारखान्याची पट्टी ठोकलेली असेल तर ती वाचावी म्हणून मी उजव्या हाताने ट्रॉलीची मागची कड धरली आणि वर पाय ठेवला. हरिओम शेजारीच उभा होता. त्याने फाळका धरला आणि माझ्या बोटांवर आणला. मी ओरडले. त्याने तो पुन्हा उचलला. मला वाटलं, सोडवतोय. त्याने दुसऱ्यांदा आपटला.

"आता कर टायपिंग, मॅडम," तो म्हणाला.

पथकातले चारही पुरुष आपापल्या चपलांकडे पाहत होते.

मधलं बोट, अनामिका, करंगळी. डॉक्टरांनी हाडं जोडली, कातडी शिवली, पण आतल्या नसा मेल्या त्या मेल्याच. बोटं वाकत होती, पण त्यांना काही कळत नव्हतं. चुलीवरच्या तव्याला लागली तरी वास आल्यावर समजायचं. अपंगत्वाचा दाखला मिळाला चौतीस टक्क्यांचा. टायपिंगमधून सूट मिळायला चाळीस लागतात. म्हणजे सहा टक्के हात शाबूत राहिला हा माझाच गुन्हा. हरिओम नवव्या दिवशी जामिनावर सुटला आणि दहाव्या दिवशी कचेरीसमोरच्या चहाच्या गाडीवर येऊन बसला. मी बाहेर पडले तेव्हा त्याने कप उंच केला.

"परीक्षा कधी हाये, मॅडम? पेढे घेऊन येतो."

त्याला परीक्षेचं ठाऊक होतं, कारण सगळ्यांनाच ठाऊक होतं. मी नापास झाले की कचेरीतून आपोआप जाणार, आणि मी गेले की त्याच्याविरुद्ध उभं राहायला कुणी उरणार नव्हतं. त्याला माझा जीव घ्यायची गरजच नव्हती. माझी तीन बोटं पुरेशी होती.

कय्यूमचाचांनी माझा हात दिव्याखाली धरला आणि एकेक बोट चिमटीत दाबलं.

"दुखते?"

"नाही."

"हे?"

"नाही."

"मंग रडून काऊन राह्यली?"

मी सांगितलं. फाळका, दुसऱ्यांदा आपटलेला फाळका, पेढे, सगळं. ते ऐकत होते आणि त्यांच्या मानेची शीर फुगत होती. बोलून झाल्यावर पक्कड उडाली. या वेळी भिंतीवर नाही, सरळ रस्त्यावर. एक मोटरसायकलवाला थोडक्यात वाचला, त्याने शिवी दिली, चाचांनी त्याहून मोठी दिली. मग आत येऊन म्हणाले, "किती दिवस हायेत?"

"साडेपाच महिने."

"लय झाले."

कचेरीच्या भंगारात त्यांना एक जुना जाडजूड कीबोर्ड मिळाला होता. त्यात प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो, तो उपटून दुसरा बसवता येतो. उजव्या हाताच्या त्या तीन बोटांच्या वाट्याला पंधरा बटणं येतात. ते पंधरा स्विच चाचांनी काढून फेकले आणि स्वतःचे बनवायला घेतले. नायलॉनच्या तुकड्यातून कानशीने घासून काढलेली दांडी. भजनी मंडळाचं सामान विकणाऱ्याकडून आणलेली एकतारीची तार, ती खिळ्यावर गुंडाळून केलेली स्प्रिंग. बाजूला पितळेची पातळ पट्टी, बटण खाली जाताना ती टिचकी मारते. आणि खालून चष्म्याच्या काडीचे दोन बारीक स्क्रू. एक वजनाचा: आत फिरवला की स्प्रिंग दाबली जाते, बटण जड होतं. दुसरा टिचकीचा: पट्टी जवळ आणली की ठोका मोठा. एकेका बटणाचा स्वभाव वेगळा ठेवता येत होता. माणसांच्या बाबतीत हे कधी जमलं नाही असं चाची म्हणाल्या, आणि नवऱ्याकडे बघितलं.

वजन मोजायची त्यांची तऱ्हाही त्यांचीच. जुन्या बेअरिंगमधले लहान बोराएवढे छर्रे आणि खोकल्याच्या औषधाचं टोपण. टोपण बटणावर ठेवायचं, त्यात एकेक छर्रा टाकायचा. ज्या छर्ऱ्याला बटण बसलं तेवढं त्याचं वजन. बाजारातला कीबोर्ड आठ छर्ऱ्यांचा असतो. माझी बोटं दुबळी म्हणून चाचांनी पंधरा बटणं चार छर्ऱ्यांची केली. फुंकर मारली तरी बसतील अशी.

मी बसले आणि पहिल्याच ओळीत वाट लागली. पडद्यावर नुसते काने. काना माझ्या मधल्या बोटाखाली येतो. ते बोट कुठे टेकलंय हे मलाच कळत नव्हतं, आणि ते आपलं टेकून बसलं होतं. झोपलेल्या लेकराचा हात जसा जड लागतो तशी ती बोटं जड होती. मी त्यांना दुबळी समजत होते, चाचाही समजत होते. ती दुबळी नव्हती, मेलेली होती, आणि मेलेल्याचं ओझंच होतं.

चाचांनी कीबोर्ड उचलून आपटायला हात वर नेला. चाची ओरडल्या. त्यांनी तो खाली ठेवला आणि त्याऐवजी स्टूल मोडलं.

आठवडाभराने बटणं सात छर्ऱ्यांवर आली आणि टिचकी एवढी मोठी केली की ठोका बोटाला नाही तरी मनगटाच्या हाडाला कळावा. आता जमू लागलं. मिनिटाला बारा शब्द, मग सतरा. मी खूश. पण दुकान रस्त्यावर. दुपारी एक ट्रॅक्टर रिकामी ट्रॉली खडखडवत गेला आणि माझा उजवा हात आपोआप आवळला गेला. तिन्ही बोटं खाली, पंधरातली दिसेल ती बटणं खाली. सगळी ओळ बरबाद. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. ट्रॅक्टरांची आमच्या रस्त्याला कमी नाही.

चाचांनी माझी आवळलेली मूठ एकेक बोट करून उघडली. मग त्यांनी मला त्यांच्या धंद्यातली गोष्ट सांगितली. जुन्या टाइपरायटरला आत एक दांडी असायची, तिने बटणं जड-हलकी होत. बाकीचे मिस्त्री ती मधोमध ठेवून मोकळे व्हायचे. चाचा टायपिस्टला समोर बसवायचे आणि त्याच्याकडचा सगळ्यात वाईट मजकूर टाइप करायला लावायचे. कोर्टात खुनाचा पंचनामा, दवाखान्यात मेलेल्याचा अहवाल. त्यावर बोटं कशी पडतात ते बघून दांडी लावायचे.

"गोड मजकुरावर मशीन सेट करशीन त ते गोड कामापुरतंच चालन," ते म्हणाले. "माणसाचा हात वाईट लिहितानाच खरा असते. सांग व पोरी, बाप कसा मेला?"

"चाचा, ते नको."

"तोंडानं सांगू नको. बोटानं सांग. मी खालून स्क्रू फिरवतो."

मी हे कुणाला सांगितलेलं नव्हतं. पोलिसांना सांगितलं होतं ते वेगळं, ते प्रश्नांना उत्तरं होती. आईला तर अर्धंच सांगितलं होतं. चाचांनी कीबोर्ड दोन विटांवर ठेवला, स्वतः खाली बसले, बारीक पेचकस हातात. आणि मी लिहू लागले.

लिहिलं की मी स्कूटीवर डबा घेऊन गेले होते. वडील नदीच्या उताराच्या तोंडाशी हात आडवा करून उभे होते. ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरने त्यांना पाहिलं, मीही त्याला पाहताना पाहिलं. त्याने गिअर बदलला, आवाज वाढला. पुढचं चाक त्यांच्या मांडीवरून गेलं आणि ट्रॉलीचं कमरेवरून. ट्रॉली भरलेली होती. आवाज आला तो मी लिहिणार नाही म्हणाले, तर चाचा खालून म्हणाले, "लिही." लिहिला. मी धावले. ते जिवंत होते. कमरेखाली काही राहिलं नव्हतं आणि ते जिवंत होते, आणि म्हणत होते, "छाया, नंबर लिही. नंबर लिही व." मी डब्याच्या पिशवीतलं पेन काढलं आणि तळहात पुढे धरला. ट्रॅक्टर वळणावर दिसत होता. त्याला नंबरच नव्हता. ते अकरा मिनिटं म्हणत होते, नंबर लिही. शेवटी मी तळहातावर कसलेतरी आकडे लिहिले आणि त्यांना दाखवले, की लिहिला बाबा.

तिथे मी थांबले.

"मंग?" चाचा खालून म्हणाले. "थांबली काऊन? मेला नं? मेला त लिही, मेला."

मी त्यांना मारलं. त्याच हाताने, पूर्ण ताकदीने, कानाखाली. चष्मा रस्त्यावर जाऊन पडला. तीन बोटांना काही कळलं नाही पण जोडलेली हाडं खांद्यापर्यंत किंचाळली. पासष्ट वर्षांचा माणूस, आणि त्याचा राग तुम्हाला सांगितलाच आहे. चाची दारात थिजल्या.

चाचांनी गालाला हात लावला. मग म्हणाले, "हा. हे वजन हाये. आता समजलं," आणि बिनचष्म्याचे चाचपडत पंधराही स्क्रू आत फिरवत गेले. टोपण ठेवून मोजलं. अकरा छर्रे.

अकरावर सगळं बसलं. ट्रॅक्टर गेला, मूठ आवळली, तरी बटणं हलली नाहीत. मी मुद्दाम मारलं तरच ती बसत, आणि बसली की ठोका कोपरापर्यंत जायचा. चाचांनी कुठून कुठून जुने पंचनामे आणले. मी रोज संध्याकाळी त्या दुकानात बसून विहिरीतली प्रेतं, जळीतं आणि कोयत्याचे वार टाइप केले. पंचवीस शब्द. अठ्ठावीस. बत्तीस. स्वतःचा कीबोर्ड वापरायची परवानगी मागणारे चार अर्ज मी दिले, पाचव्याला होकार आला: केंद्रावर तपासून घेऊ, सोबत कुठलंही हत्यार-अवजार आणायचं नाही.

ही बातमी चहाच्या गाडीवर पोचायला कितीसा वेळ लागणार?

परीक्षेच्या तीन दिवस आधी, भरदुपारी, हरिओम चौघांना घेऊन दुकानात आला. मी कचेरीत होते. पुढचं मला चाचींनी सांगितलं.

"तो कीबोर्ड दे बे मिस्तरी," हरिओम म्हणाला.

कीबोर्ड चाचांच्या मांडीवरच होता, ते एक टिचकी नीट करत होते. त्यांच्या हाताशी हातोडी होती. मास्तरच्या हातावर मशीन आपटणारा हा माणूस. चाचींना वाटलं, आता एकाचं तरी डोकं फुटणार. चाचांनी हातोडीकडे पाहिलंही नाही. कीबोर्ड पोटाशी धरला आणि जमिनीवर पालथे झाले.

त्यांना लोखंडी पाइपने मारलं. पाठीवर, कमरेवर, मांड्यांवर. दोघांनी खांद्याला धरून उलटं करायचा प्रयत्न केला, तर त्यांनी टेबलाच्या पायाला मिठी मारली. मग हरिओमने फळीवरचं जुनं टाइपरायटर उचललं, पंधरा-सोळा किलोचं लोखंड, आणि त्यांच्या पाठीवर सोडलं. ते उचलून परत सोडलं. चाची मध्ये पडल्या तर त्यांना केसाला धरून भिंतीवर आपटलं, त्या विटेपर्यंत उडालेल्या गिलाव्यावर. समोरचे दुकानदार शटर ओढून घेत होते. त्या शटरांचा आवाज मी कचेरीत ऐकला आणि मला वाटलं, कुणी पुढारी वारला.

"उठले नाही हो तुमचे चाचा," चाची मला म्हणाल्या. कपाळातून रक्त वाहत होतं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. "जिंदगीभर एक बात ऐकून नाही घेतली कुणाची. आज उठलेच नाही."

आम्ही त्यांना रिक्षात घालायला उचललं तेव्हा कीबोर्ड पोटाखाली होता, अख्खा. त्यांच्या पोटाच्या कातडीवर बटणांचे चौकोन निळे उमटले होते. पाच बरगड्या मोडल्या होत्या, डाव्या खांद्याचं हाड निखळलं होतं. खामगावच्या दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला आले, तर चाचा म्हणाले, फळीवरचं मशीन अंगावर पडलं. मी संतापून काही बोलणार तोच त्यांनी माझ्याकडे डोळे वटारले. पोलीस गेल्यावर कुजबुजले, "आज नाव घेतलं त तो तुले बुलडाण्याच्या रस्त्यात अडवन. आधी परीक्षा दे."

मी दिली.

बुलडाण्याच्या एका कॉलेजातला हॉल. खिडक्या बंद, आत थंडगार, बाहेरचा काही आवाज नाही. पर्यवेक्षक बाईंनी कीबोर्ड उलटा-सुलटा करून पाहिला, खालचे तीस स्क्रू पाहून भुवया उंचावल्या, पत्र वाचलं आणि लावू दिला. सात मिनिटं. दोनशे दहा शब्द. उतारा समोर आला.

उतारा फुलबागेवर होता. गुलाब, मोगरा, शेवंती. पहाटे माळी येतो, झारीने पाणी घालतो, फुलपाखरं भिरभिरतात.

मी पहिला शब्द मारला आणि काना उठलाच नाही. पुन्हा मारला. बटण अर्ध्यावर जाऊन वर आलं. करंगळीचं तर हललंही नाही. एक क्षण वाटलं, पाइपच्या मारात आत काही मोडलं. तसं काही नव्हतं. बटणं होती तशीच होती, अकरा छर्ऱ्यांची. माझाच हात हलका पडला होता. त्या शांत हॉलमध्ये, मोगऱ्याच्या वासाचं वर्णन वाचताना, माझ्या हातात ते वजनच नव्हतं. चाचांनी मला प्रेतांवर सेट केलं होतं, आणि साडेपाच महिन्यांत आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही की परीक्षा घेणारे लोक फुलांवर उतारा देतात. स्क्रू चार वेळा उलटे फिरवले असते तर भागलं असतं, पण पेचकस आणायची बंदी होती.

घड्याळात एक मिनिट गेलं होतं. ओळ पुरी नव्हती.

मग मी वडिलांना बोलावलं. दुसरा मार्ग नव्हता. डोळ्यांसमोर गुलाब होते आणि मी नदीच्या उतारावर उभी राहिले. ट्रॅक्टर आणला. ड्रायव्हरला गिअर बदलू दिला. चाक मांडीवरून जाऊ दिलं, आणि काना बसला. ट्रॉली कमरेवरून जाऊ दिली, आणि करंगळी बसली. झारीतून पाणी पडत होतं आणि ते म्हणत होते, नंबर लिही. फुलपाखरांच्या ओळीला ते संपले. अजून चार मिनिटं उरली होती. मी त्यांना पुन्हा उभं केलं, पुन्हा हात आडवा करायला लावला आणि पुन्हा ट्रॅक्टर आणला. सात मिनिटांत मी माझ्या बापाला तीनदा मारलं. शेजारची मुलगी माझ्या टकटकीने दचकून बघत होती. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा दोनशे चौदा शब्द झाले होते, आणि माझ्या तोंडात रक्ताची चव होती, ओठ कधी चावला कळलं नाही. निकाल महिनाभराने आला, पास. पण मला त्या हॉलमध्येच समजलं होतं.

एसटीने थेट खामगावला गेले. चाचा उताणे होते, छातीला पट्टा, श्वास तुकड्यातुकड्याने. चाची शेजारी, कपाळाला पाच टाके.

"झाले?" त्यांनी विचारलं.

"दोनशे चौदा."

त्यांनी डोळे मिटून घेतले आणि हसायचा प्रयत्न केला. बरगड्यांनी हसू दिलं नाही. मग धंद्यातला प्रश्न आलाच. "मजकूर कोनता होता?"

"फुलबागेवर, चाचा. गुलाब, मोगरा, माळी."

त्यांचा चेहरा बदलला. त्यांना लगेच कळलं. इतर कुणालाही समजवायला मला तास लागला असता.

"मंग बटणं दबली नसतीन."

"नाही दबली."

"मंग कशी मारली व?"

मी सांगितलं. "म्हंजे सात मिनिट तू त्याले मरताना पाहून राह्यली होती," ते म्हणाले. मी हो म्हटलं. आणि कय्यूमचाचा रडले. पाइप खाताना जो माणूस गप्प राहिला तो हुंदके देत होता आणि प्रत्येक हुंदक्याला बरगड्या त्याला फाडत होत्या, तरी थांबत नव्हता. "माझी चुकी झाली पोरी. माझी चुकी झाली." कुठल्याही मशीनबद्दल त्यांनी हे कधी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. चाचींकडे हात करून म्हणाले, "पेचकस दे. आठवर आणून देतो. आत्ताच्या आत्ता."

मी पेचकस चाचींच्या हातातून घेतला आणि खिडकीत ठेवला. मला त्यांची कीव आली होती, माया आली होती, आणि त्याहून जास्त राग आला होता. सरावासाठी नेलेला लॅपटॉप पिशवीत होताच. तो पलंगाच्या कडेला उघडला, कीबोर्ड मांडीवर घेऊन जोडला.

"आधी हे सांगा," मी म्हटलं, "मशीन अंगावर कसं पडलं?"

चाचा चाचींकडे पाहू लागले. चाची म्हणाल्या, "सांगा आता. झाली तिची परीक्षा."

त्यांनी सांगितलं. किती जण होते, कोण कुठे उभा होता, पाइप कुणाच्या हातात होता, पहिला फटका कुठे बसला. चाचींनी त्यांचं सांगितलं. माझ्या बोटांचं मी घातलं, दुसऱ्यांदा आपटलेला फाळका पहिल्याहून ठळक घातला. तक्रारीची चार पानं झाली. हरिओमचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, सव्वीस वेळा आलं. त्या चार पानांत एकही बटण मला जड लागलं नाही.